पेढ्यांचा बॉक्स, लग्नपत्रिका आणि अर्धी राहिलेली पीएचडी

बुरशीवाली | सोमवार, रात्री १०.१२

मंडळी, एरवी मी इथे तुमच्या भिंतीवरच्या, लोणच्यावरच्या आणि पावसाळी चपलांवरच्या बुरशीचे फोटो ओळखून देते. आज विषय वेगळा आहे आणि डोकं जरा फिरलंय, तेव्हा सांभाळून घ्या.

परवा दुपारी माझ्या टेबलावर पेढ्यांचा बॉक्स आला, त्यावर लग्नाची पत्रिका. आणणारी मुलगी आमच्याकडे एमएस्सीला पहिली आलेली, आता शेजारच्या विभागात पदार्थांच्या पातळ थरांवर (थिन फिल्म) पीएचडी करणारी. माझी विद्यार्थिनी नव्हे, पण अडीच वर्षं डबा माझ्या खोलीत खाते, तेव्हा हक्काची. एक पेपर छापून आलाय, दुसरा परीक्षकांकडे आहे. नवरामुलगा हैदराबादला. मी म्हटलं, "अगं, मग इथलं काय?" म्हणाली, "नोंदणी रद्दच करावी लागेल म्हणाले सर. आणि म्हणाले, मुलींचं हे असंच, पुढच्या खेपेला मी मुलगाच घेणार."

हे तिने हसत सांगितलं. पेढा माझ्या घशाखाली उतरेना.

मी कोल्हापुरात शिकवते. कॉलेज कुठलं, सर कोण, हे विचारू नका, सांगणार नाही. मला भाषणंही नकोत. ११ फेब्रुवारीला पोस्टर, २८ फेब्रुवारीला रांगोळी आणि ८ मार्चला पाककला स्पर्धा, एवढे दिवस आमच्याकडे स्त्रिया आणि विज्ञान दोन्ही जोरात असतं. (बक्षीस कुकर. खरंच.) मला एवढंच हवंय: तुमच्या विभागात, प्रयोगशाळेत, घरात नक्की कोणत्या गोष्टीमुळे एखादी मुलगी संशोधनात टिकली, किंवा गेली? मोठी कारणं मला पाठ आहेत, बारकी सांगा.

तांबडा_पांढरा | सोमवार, रात्री १०.१९

रुमाल टाकून ठेवतो. जेवालोय, आलोच.

गणिताचा_मास्तर | सोमवार, रात्री १०.४७

मॅडम, राग मानू नका, पण हा प्रश्न आता जुना झाला असं मला वाटतं. आमच्या एमएस्सीच्या वर्गात मुलं शोधावी लागतात. पहिल्या पाचात पाची मुली. राज्य सरकारने २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. एसटीला अर्धं तिकीट. अजून काय करायचं? लग्न करून जाणं हा तिचा निर्णय आहे. त्यात विज्ञानाने काय करावं?

रंकाळ्याकाठी | सोमवार, रात्री ११.३०

मास्तर, तुमचा वर्ग खोटा नाही. देशभरातली उच्चशिक्षणाची सरकारी पाहणी असते, तिच्यात २०२१-२२ साली विज्ञान शाखेत ५७.२ लाख विद्यार्थी होते, त्यांतल्या २९.८ लाख मुली. म्हणजे निम्म्याहून जास्त. आता पुढचा आकडा बघा. केंद्राच्या विज्ञान खात्याच्या आकडेवारीत २०१८ च्या सुमारास प्रत्यक्ष संशोधन करणाऱ्यांत बायका होत्या १६.६ टक्के. वर्गातल्या निम्म्या आणि प्रयोगशाळेतल्या सहाव्या हिश्श्याच्या मधे ज्या गेल्या, त्यांतली एक मी. राजारामपुरीत अकरावी-बारावीचे केमिस्ट्रीचे क्लास घेते. बरं चाललंय, तक्रार नाही.

इंग्रजीत याला गळकी पाइपलाइन म्हणतात. कोल्हापूरकराला पाइपलाइनची गळती वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

बारकं कारण विचारलंय म्हणून सांगते. माझं गाव गारगोटीच्या पुढे. आमच्या विभागात चांगलं यंत्र एकच, आणि त्यावरची दुपारची वेळ सीनियर मुलांनी वहीत आधीच लिहून ठेवलेली. मला मिळायची संध्याकाळी सहानंतरची. भट्टी तापायला दीड तास, थंड व्हायला रात्र. सातची एसटी चुकली की घरी फोन, फोनवर बाबांचा आवाज चढलेला. मुलांचं हॉस्टेल रात्रभर उघडं, लेडीज हॉस्टेलला साडेआठला कुलूप, आणि तिथेही मला जागा नव्हती. दीड वर्ष ओढलं. लोक विचारतात, संशोधन का सोडलंस? मी सांगते, लग्न झालं. ते सांगायला सोपं पडतं. मी सोडलं ते त्या वहीमुळे.

तांबडा_पांढरा | सोमवार, रात्री ११.४१

थेट पाइपलाइनचा विषय काढलासच तर ऐक ताई. काळम्मावाडी धरणाचं पाणी पाइपातून कोल्हापुरात यायला जेवढी वर्षं लागली तेवढ्यात माझ्या बहिणीची पीएचडी दोनदा झाली असती. एकदाबी झाली नाही, तो भाग वेगळा.

थट्टा बाजूला. वहीचा मुद्दा लई खरा हाय. आमच्या वर्कशॉपलाबी तसंच. लेथवर कोण कवा बसणार हे जो लिहितो तोच मालक.

कागलची_लेक | मंगळवार, सकाळी ६.५०

बुरशीवाली मॅडम, थांबा! त्या मुलीला नोंदणी रद्द करायला देऊ नका.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएचडीचे २०२२ चे नियम आहेत, त्यांत सरळ लिहिलंय. स्त्री संशोधक लग्नामुळे किंवा इतर कारणाने दुसऱ्या गावी गेली, तर तिने केलेल्या कामाची माहिती नव्या संस्थेत नेऊ द्यायची. अट अशी की ते काम मूळ संस्थेला किंवा मार्गदर्शकाला निधी देणाऱ्या संस्थेकडून मिळालेल्या प्रकल्पातलं नसावं, आणि आधीच्या कामाचं श्रेय जुन्या संस्थेला नि मार्गदर्शकाला द्यायचं. २०१६ च्या नियमांतही हे होतंच. वर, पीएचडीची मुदत सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यापुढे अजून दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत. बाळंतपण आणि मुलांच्या संगोपनासाठी २४० दिवसांची रजाही आहे.

मला हे कसं माहीत? मी कागलहून लग्न होऊन बेळगावला गेले तेव्हा मला कुणी सांगितलं नाही. नोंदणी रद्द करून, सगळं नव्याने सुरू करून दोन वर्षांनी एका फॉर्मच्या मागच्या पानावर वाचलं. त्या दिवशी मी काय बोलले ते इथे लिहिता येत नाही.

बुरशीवाली | मंगळवार, सकाळी ७.३५

कागलची_लेक, तुझ्या तोंडात साखर पडो. मी स्वतः पीएचडीची मार्गदर्शक आहे, चौघांची, आणि २४० दिवसांचं सोडलं तर बाकीचं मला धड माहीत नव्हतं. हे लिहिताना लाज वाटतेय, पण लिहितेच. आम्हाला परिपत्रकं येतात, आम्ही सह्या करतो, फाइल कपाटात जाते.

अडचण दिसतेय ती प्रकल्पाची. तिची फेलोशिप सरांच्या प्रकल्पातून आहे बहुतेक. बघते.

निवृत्त_भौतिक | मंगळवार, दुपारी ४.०५

वय वर्षे ७४. दुपारची झोप झाल्यावर लिहीत आहे.

"पुढच्या खेपेला मुलगाच घेणार" हे वाक्य मीही बोललेलो आहे. एकदा नव्हे. तेव्हा ते मला फार व्यवहारी वाटत असे. तीन वर्षांचा प्रकल्प, पहिला हप्ता उशिरा येणार, यंत्राची निविदा दोनदा काढावी लागणार, आणि शेवटी खर्चाचा दाखला व पेपरांची यादी मागणार माझ्याकडे. मधेच विद्यार्थिनी आठ महिने रजेवर गेली तर प्रकल्प थांबत नाही, घड्याळ चालूच. या भीतीपोटी मी मुलगे घेतले. त्यांतले दोघे स्पर्धापरीक्षा देऊन मधेच निघून गेले. तेव्हा मात्र "मुलांचं हे असंच" असे मी म्हटले नाही. पोरगा पुढे गेला म्हणून पेढे खाल्ले.

दुसरी गोष्ट. आपल्या गावाच्या इतिहासातली नावे आपण भाषणात घेतो आणि त्यातला व्यवहार विसरतो. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्या मायदेशी परतण्याआधीच कोल्हापूर संस्थानाने त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या स्त्री-कक्षाची जबाबदारी देऊ केली होती. आजचे सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, ते हेच. त्या रुजू होण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये वारल्या. पुढे शाहू महाराजांनी रखमाबाई केळवकरांना मुलींच्या शिक्षणाचे काम सोपवले, तेव्हा किती ओरड झाली असेल याची कल्पना करा. त्यांच्या कन्या कृष्णाबाई डॉक्टर झाल्या, संस्थानाने त्यांना विलायतेला धाडले आणि त्याच अल्बर्ट एडवर्डमध्ये त्यांनी काम केले. महाराजांनी सत्कार नाही केला हो, जागा दिली आणि पगार दिला. आम्ही शाल देतो.

रंकाळ्याकाठी | मंगळवार, दुपारी ४.२०

सर, नमस्कार. शेवटची ओळ वाचून दोन मिनिटं नुसती बसले.

गणिताचा_मास्तर | मंगळवार, संध्याकाळी ६.१०

सरांचा मान राखून. नियम, रजा, हॉस्टेल, यंत्राची वही, हे सगळं मान्य. पण निवड करताना गुणवत्ता बघायची की नाही? मुलाखतीला बसलो की मी समोरचा मुलगा आहे की मुलगी हे बघतच नाही. कागद बघतो.

पोस्टडॉक_पावसाळी | मंगळवार, रात्री ९.५५

(मूळ शाहूपुरी, सध्या परदेशात, इथेही पाऊसच.)

मास्तर, कागदच बघतो असं सगळ्यांनाच वाटतं, म्हणून २०१२ साली अमेरिकेत येल विद्यापीठातल्या लोकांनी तेच तपासलं. प्रयोगशाळेच्या व्यवस्थापकाच्या जागेसाठी एकच अर्ज १२७ विज्ञान प्राध्यापकांकडे पाठवला. निम्म्यांच्या अर्जावर जॉन, निम्म्यांच्या अर्जावर जेनिफर. बाकी अक्षर न अक्षर तेच. जॉन जास्त लायक ठरला, त्याला सरासरी सुमारे ३०,२०० डॉलर पगार देऊ केला, जेनिफरला २६,५००. आणि गंमत म्हणजे, कमी लेखणाऱ्यांत प्राध्यापिकाही तितक्याच होत्या. तेव्हा हे पुरुष विरुद्ध बायका असं नाहीच. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात "शास्त्रज्ञ" म्हटलं की जो चेहरा येतो, त्याचा हा खेळ आहे.

हबल दुर्बिणीवर वेळ मागणाऱ्यांचे अर्ज २०१८ मध्ये नावं झाकून तपासले, तर त्या वर्षी पहिल्यांदाच बायकांच्या अर्जांना पुरुषांपेक्षा किंचित जास्त यश मिळालं. नावं झाकायला खर्च शून्य.

पण माझी आवडती गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात नॅन्सी हॉपकिन्स नावाच्या जीवशास्त्रज्ञ होत्या. माशांच्या टाक्या ठेवायला जागा मागून मागून थकल्या. शेवटी हातात मोजायची टेप घेतली आणि रात्री इमारतीत फिरून कुणाच्या प्रयोगशाळेला किती जागा आहे ते मोजलं. पुरुष सहकाऱ्यांना जास्त निघाली. मग बाकीच्या प्राध्यापिकाही एकत्र आल्या आणि १९९९ साली एमआयटीने स्वतःच्या अहवालात भेदभाव होतो हे कबूल केलं. मला पीएचडीत एकदा बेंचचा कोपरा मिळाला होता, सिंकच्या बाजूचा, जिथे सगळ्यांच्या काचा धुतात तो. तेव्हा टेप नव्हती.

तांबडा_पांढरा | मंगळवार, रात्री १०.०३

टेप माझ्याकडं हाय. वर्कशॉपची, तीस मीटरची. पाठवून देऊ काय मॅडम?

सीएचबीवाली | बुधवार, पहाटे ५.४०

बाळ आत्ताच झोपलंय, म्हणून या वेळी.

तुम्ही सगळे कायम नोकरीतल्या बाईचं बोलताय. कायम प्राध्यापिकेला १८० दिवस पगारी रजा मिळते. मी तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबी. तास घेतला तर पैसे, नाही तर नाही. नेट परीक्षा पास आहे, पीएचडी आहे, सात वर्षं शिकवतेय आणि दर वर्षी नवी ऑर्डर. आठव्या महिन्यापर्यंत तिसऱ्या मजल्यावर तास घेतले. बाळंतपणाची रजा म्हणून मला मिळालं ते एक वाक्य, "पुढच्या सत्रात बघू." पुढच्या सत्रात माझ्या जागेवर दुसरी आली. तिचंही पोट दिसायला लागलं तेव्हा मी तिला फोन केला, भांडायला नव्हे, अंगणवाडीत नाव कधी घालायचं ते सांगायला.

२०१० साली भारतीय विज्ञान अकादमी आणि बंगळुरूच्या एनआयएएस या संस्थेने मिळून विज्ञानात पीएचडी केलेल्या बायकांची पाहणी केली होती. भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले बाई त्यात होत्या. संशोधन सुटण्याचं कारण फक्त घर आणि मुलं नाही, जागाच मिळाल्या नाहीत हे मोठं कारण आहे, असा तिचा रोख होता. गोडबोले बाई २०२४ मध्ये गेल्या. त्यांचं एक भाषण मी प्रत्यक्ष ऐकलंय. पोरी रांगेत उभ्या होत्या सेल्फीला, आणि बाई एकेकीला विचारत होत्या, तुझा प्रयोग काय आहे?

बाळ उठलं. बाकी नंतर.

निवृत्त_भौतिक | बुधवार, सकाळी ९.१५

सीएचबीवाली, तुमच्या प्रतिसादावर मला काही उपाय सुचत नाही. जागा भरत नाहीत हे दुखणे आमच्या काळापेक्षा आज मोठे आहे, आणि ते विभागात बसून सुटणारे नाही. उगाच धीर देत नाही.

बुरशीवाली | बुधवार, रात्री ९.२०

आज तीन तास घेतले, एक मीटिंग झाली (साडेपाचला ठेवलेली, साडेसातला संपली, घरी कुकर कोण लावणार हा प्रश्न मीटिंगमधल्या फक्त आम्हा दोघींच्या चेहऱ्यावर), आणि मधल्या सुट्टीत पोरींना गाठलं. सहज विचारलं, या वर्षी पाहुणे आले तेव्हा औक्षण कुणी केलं, पुष्पगुच्छ कुणी दिले, सूत्रसंचालन कुणी केलं? सगळं मुलींनी. पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवली कुणी? मुलांनी. मी गेली अकरा वर्षं त्या औक्षणाच्या ताटाची यादी माझ्या हाताने करतेय: हळद, कुंकू, निरांजन, चार मुली.

आता माझ्या शाखेतलं एक. आमची बुरशी जंगलात असते. पावसाळ्यात राधानगरी, दाजीपूर, आंबोलीला जावं लागतं आणि पहाटे उठून शोधावं लागतं, उन्हं आली की कोवळ्या छत्र्या मान टाकतात. म्हणजे मुक्काम आला. पहिली चार-पाच वर्षं मुलींच्या घरून नकार यायचा, मग मुलं जायची, मुली आणलेले नमुने सुकवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली काप बघायच्या. पेपरवर पहिलं नाव अर्थातच ज्याने गोळा केलं त्याचं. मला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं.

मग एकदा एक मुलगी रडतच आली. मी तिच्या आईला फोन केला आणि म्हटलं, मीपण चाललेय, तुम्हीपण चला. आई आल्या! नाचणीच्या भाकऱ्या बांधून. तीन मुली, एक आई, मी आणि वनखात्याचे एक मामा, ज्यांच्या घरी आम्ही राहिलो. आईंनी दुसऱ्या दिवशी आमच्यापैकी कुणालाच न दिसलेली एक जात दाखवली, "ही आम्ही खातो" म्हणून. तेव्हापासून मी नियमच केला, निदान तीन मुली असतील तरच गट निघतो आणि आईला आमंत्रण असतं. गेल्या पाच वर्षांत एकही नकार नाही. भाकऱ्या मात्र आता कुणी आणत नाही, सगळं बिस्किटांवर.

घरचा_आचारी | बुधवार, रात्री १०.३०

पुरुष प्रतिसाद चालेल ना? बायको रसायनशास्त्रात संशोधन करते, मी बँकेत. तिला दिवस गेले तेव्हा मी तिच्या प्रयोगशाळेतल्या बाटल्यांची नावं लिहून आणली आणि आमच्या डॉक्टरांना दाखवली. त्यात डायमिथाइल फॉर्मामाइड होतं, कॅडमियमचे क्षार होते, शिशाचे होते. डॉक्टर म्हणाल्या, हे आजपासून बंद. बायको गाइडना सांगायला घाबरत होती, कारण दिवस गेल्याचंच अजून सांगितलं नव्हतं. तीन महिने होईपर्यंत सांगत नाहीत ना आपल्यात. आणि धोका तर पहिल्या तीन महिन्यांतच जास्त!

शेवटी सांगितलं. गाइडनी समजून घेतलं, तिला सहा महिने संगणकावरची आकडेमोड दिली, ओलं काम एका ज्युनियरने केलं. पण हे त्यांच्या भलेपणावर झालं, नियम कुठे लावलेला नव्हता. माझं म्हणणं एवढंच, कोणती रसायनं गरोदरपणात टाळायची याची यादी प्रत्येक प्रयोगशाळेच्या दारावर आधीच चिकटवावी. म्हणजे मुलीला काही जाहीर न करता बाजूला होता येईल. पुरुषांनीही वाचावी, शिसं आपल्यालाही सोडत नाही.

स्वयंपाक मी करतो. नावावरून कळलं असेलच. आईला ते अजून पटलेलं नाही, पण खाते.

कागलची_लेक | बुधवार, रात्री १०.५८

घरचा_आचारी, ती यादी करूनच टाका आणि इथे डकवा. वाचनखूण साठवतेय.

ज्यांचा खंड पडलाय त्यांच्यासाठी: केंद्राच्या विज्ञान खात्याची वाइज-किरण योजना बघा. पूर्वीच्या महिला शास्त्रज्ञ योजनेचं नवं रूप. पीएचडीसाठीची फेलोशिप २७ ते ४५ वयाच्या बायकांना आहे, पीएचडी झालेल्यांसाठी वेगळी आहे, आणि एक वर्षाचं पेटंटच्या कामाचं प्रशिक्षणही आहे. रंकाळ्याकाठी ताई, तुमचं वय विचारत नाही, फक्त सांगून ठेवलं.

रंकाळ्याकाठी | बुधवार, रात्री ११.१२

४१. आणि तू हे असं सांगू नयेस, आता झोप येणार नाही.

नवीन_सदस्य_२२ | गुरुवार, दुपारी १.०२

वाचक होते, आज लिहितेय. एक प्रश्न आहे. प्रयोगशाळेत एक सीनियर आहे, तो काही वाईट "करत" नाही, पण बोलतो. कपड्यांवर, फोनवर कुणाशी बोलते त्यावर. सगळे हसतात. तक्रार समितीचा बोर्ड आहे आमच्याकडे, नॅकच्या तपासणीच्या वेळी रंगवलेला, त्यावरच्या अध्यक्ष मॅडम दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. कुणाला सांगायचं?

पोस्टडॉक_पावसाळी | गुरुवार, दुपारी २.४५

नवीन_सदस्य, बोलणंही त्यात येतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात नको असलेली लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी स्पष्ट धरलेली आहे. "सगळे हसतात" हा बचाव नाही.

काय करायचं: तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण हजर होतं, हे आजपासून वहीत लिही. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते, कारण पटलं तर समिती मुदत वाढवू शकते. समिती नसेल किंवा मुदत संपली असेल तर ती नव्याने नेमायला भाग पाडता येतं. उच्चशिक्षण संस्थांसाठी वेगळे नियम आहेत. विद्यार्थी गुंतलेले असतील तर समितीत निवडून आलेले विद्यार्थीही हवेत, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, आणि कुलगुरू, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा पदांवरच्यांनी समितीत बसायचंच नाही. म्हणजे "विभागप्रमुखांना भेट, ते मिटवतील" हे उत्तर मिळालं तर ते नियमात नाही, हे लक्षात ठेव.

व्यक्तिगत निरोप पाठवलाय. एकटी जाऊ नकोस.

गणिताचा_मास्तर | शनिवार, सकाळी ११.२०

मी मोजणारा माणूस, तेव्हा दोन दिवस मोजत बसलो. आमच्या विभागात गेल्या पाच वर्षांत बाहेरून व्याख्यानाला किती जण बोलावले, त्यात बायका किती. आकडा लिहीत नाही, एका हाताच्या बोटांवर मावतो आणि अंगठा मोकळा राहतो. यादी मी स्वतः करतो. मी "बघतच नाही" असं वर लिहिलंय, ते खरंच आहे म्हणायचं. बघितलंच नाही.

पुढच्या सत्राची यादी करतोय. गणितातल्या, शक्यतो कोल्हापूर-सांगली-सातारा भागातल्या प्राध्यापिकांची नावं व्यक्तिगत निरोपात सुचवा. मानधन कमी आहे, मिसळ चांगली देऊ.

बुरशीवाली | पुढचा मंगळवार, रात्री १०.४०

उशीर झाला, माफ करा. झालं ते सांगते, जसं झालं तसं.

नियमांची छापील प्रत घेऊन मी सरांकडे गेले. भांडायच्या तयारीने गेले होते, पण भांडण झालंच नाही. त्यांनी चष्मा लावून परिच्छेद दोनदा वाचला आणि म्हणाले, "हे मला ठाऊक नव्हतं." खरं बोलत होते. मग प्रकल्पाचा मुद्दा निघाला आणि कागदावर तेही बरोबर निघाले. तिच्या प्रबंधाच्या चारपैकी दोन प्रकरणं प्रकल्पातली आहेत, ती दुसरीकडे नेता येत नाहीत.

म्हणून सध्या ठरलं ते असं: नोंदणी इथेच राहील. लग्नानंतर दोन महिने ती इथे येऊन उरलेले थर बनवेल, दुपारच्या वेळेत. वही मी मागून घेतली आणि शेजारी बसून वेळा लिहिल्या. (रंकाळ्याकाठी, तुझी आठवण काढली.) लिखाण हैदराबादहून, आणि सहा महिन्यांतून एकदा सल्लागार समितीपुढे हजेरी. फेलोशिप पुढे चालेल की नाही याचं उत्तर कुणाकडेच नाही, तो अर्ज आवक-जावक विभागात पडलाय.

आणि हे सगळं ठरल्यावर मुलगी काय म्हणाली सांगू? म्हणाली, "मॅडम, मला थोडं थांबायचंय. दमलेय मी." मला वाटलं होतं आनंदाने उडी मारेल. मी काही बोलले नाही. थांब म्हटलं. दहा वर्षांची मुदत आहे, त्यातली अडीचच झालीत. सासरी तिने अजून काही सांगितलेलं नाही.

गरोदरपणात टाळायच्या रसायनांची ती यादी आज आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर लागली. खाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय, "सिगारेटपण लिहा."

सीएचबीवाली | पुढचा मंगळवार, रात्री ११.०५

चला, एक तरी कागद कपाटातून बाहेर आला. मला परवा नव्या सत्राची ऑर्डर मिळाली. सहा महिन्यांची. बाळाला आई सांभाळणार, कारण पाळणाघराची खोली आहे पण त्यात झेरॉक्सचं जुनं मशीन ठेवलंय.

तांबडा_पांढरा | पुढचा मंगळवार, रात्री ११.११

टेप पोचली काय मॅडम? आणि एवढा धागा झाला, पेढे कुठले होते ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीसा.

बुरशीवाली | पुढचा मंगळवार, रात्री ११.१६

टेप पोचली, सोमवारी मोजते. पेढे नरसोबाच्या वाडीचे. त्या दिवशी खाल्लेच गेले नाहीत, टेबलाच्या खणात राहिले. आज बॉक्स उघडला तर दोघांवर हिरवट थर धरलाय, कडेला पांढरा. पेनिसिलियम असावी असा अंदाज आहे. फोटो उद्या टाकते.